मान वळवलेली बाई

अब्बा, सलाम.

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचं हाय.

काल देवणीच्या चतुराबाई आपल्या स्टुडिओत आल्या. पित्रं तोंडावर आलीत अन् सासूचा एकही फोटो न्हाई त्यांच्याकडं. म्हणाल्या, "साबेरा, दुसऱ्या कुणाचा तरी मिळताजुळता चेहरा दे. तुझ्या अब्बानं लई घरांना दिलेत."

मी दादाजानची, तुमच्या अब्बांची, पेटी उघडली. त्यांनी काढलेले, जाड पुठ्ठ्यावरचे, कधीच कुणी न नेलेले फोटो. चतुराबाईंनी एक उचलला. "हीच! कुणी हाक मारल्यावाणी मान वळवलीय बघ."

ती अम्मी होती. मला जन्म देताना गेलेली, आपल्या घरातल्या भिंतीवरची अम्मी.

मागं दादाजाननी लिहिलेलं होतं: १९३८, नाव माहीत नाही. तेव्हा अम्मी जन्मलीही नव्हती.

चाळीस वर्षं मी अम्मीवर गेले म्हणून प्रत्येक फोटोत तशीच मान वळवते. तुम्ही नुसते हसायचात. एकदा तरी सांगायचं होतं! राग येऊन राहिला, पण कुठल्या तोंडानं बोलू? चतुराबाईंना त्याच बाईची प्रत मीच काढून दिली.

आज सकाळी मी भिंतीवरच्या फोटोला पहिल्यांदा अम्मी म्हणाले न्हाई. विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

अब्बा, तिची मान सरळ झालीय. माझ्याकडंच बघून राहिली.

तवापासून चतुराबाईंचा फोन वाजून राहिलाय. मी उचलला न्हाई.

तुमची तरी खरी लेक,
साबेरा