लेलेकाकू नावाचं कुणी नव्हतंच

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतेच आहे. भाजी निवडताना, ओटा पुसताना, डबे भरताना. पण मनात बोललं की तुम्ही जुनी सवय सोडत नाही. मधेच हसता आणि विषय बदलता. कागदावर तुम्हाला तसं करता येणार नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मला एकच विचारायचं आहे. लेलेकाकू कोण?

गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या देशपांडेबाईंचा फोन आला. तुमच्याच फोनवर. तो मी बंद केलेला नाही, डब्यांच्या ऑर्डरी अजून त्याच्यावरच येतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. आपल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी. तुम्ही गेल्याचा निरोप स्नेहलने सगळ्यांना पाठवला, तेव्हा त्यांनी नीट, शुद्ध मराठीत उत्तर पाठवलं होतं. मी मात्र त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"कोण बोलतंय?"

"मी डब्याच्या इथून बोलते."

"हां, म्हणजे काकूंच्या हाताखालच्या ना तुम्ही? अविनाशराव सांगायचे, एक बाई असते मदतीला. काकू सावरल्या का? त्यांचं सगळं तेच बघायचे हो."

मला वाटलं, बाईंचा काहीतरी घोटाळा झाला आहे. विचारलं, "कोण काकू?"

"कोण काय? लेलेकाकू! बरं, पितृपंधरवडा आलाय. आमच्या ह्यांची तिथी आहे, तेव्हा दरवर्षीसारखं श्राद्धाचं पान. वडे मागच्या खेपेसारखेच करा म्हणावं. आणि काय हो, सोवळ्यात, न चाखता करतात काकू, तरी त्यांचं मीठ इतकं बरोबर कसं पडतं?"

न चाखता.

त्या दोन शब्दांनी मला कळलं, अहो. तोवर मी लेलेकाकूंना शोधत होते. त्या माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या होत्या, माझाच गाऊन घालून, माझाच झारा हातात धरून.

आठवतं का तुम्हाला? दरवर्षी गणपती उठले की तुम्ही एक वेगळा मेनू आणायचात. अळूची भाजी, गवार, कढी, आमसुलाची चटणी, उडदाचे वडे, तांदळाची खीर. कांदा-लसूण नाही. मी म्हटलं, "सगळ्यांना एकदम तेच कसं काय हवं?" तुम्ही म्हणालात, "सीझनचं आहे. मागणी आहे." आणि म्हणालात, "रत्ना, या दिवसांत चाखायचं नाही. हायजीनचा नियम आहे. मोठ्या हॉटेलांत असतो."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? मला पितृपंधरवडा असतो हे ठाऊक होतं, त्यात काय शिजतं ते नव्हतं. माझ्या माहेरी श्राद्ध कधी झालंच नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते घरातून गेलं. माझ्या वडिलांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या, आणि श्राद्ध करणार नाही ही त्यांतलीच एक. ते गेले तेव्हा शेजारच्यांनी कावळ्याला भात ठेवायला सांगितला, तर माझी आई म्हणाली, "त्यांना भूक लागली असती तर त्यांनी मला सांगितलं असतं." तुम्ही तिथेच उभे होतात. सासूचं किती कौतुक केलं होतंत तेव्हा!

त्या घरातली मी, आणि माझ्याकडून तुम्ही वर्षानुवर्षं श्राद्धाचा स्वयंपाक करून घेतलात.

आणि मी काय केलं? न चाखता करायला शिकले! वासावरून, उकळीच्या आवाजावरून, बोटांत मिठाची चिमूट किती जड लागते त्यावरून. आमटीला फेस कसा येतो ते बघून आंबट-गोड ओळखायला लागले. मला केवढा अभिमान होता त्याचा. स्नेहलला सांगायचे, तुझी आई डोळ्यांनी मीठ चाखते. आता तो अभिमानही मला नीट ठेवता येत नाही. तो माझा की लेलेकाकूंचा?

आपण सुरुवात केली ते दिवस मी विसरलेले नाही. तुमची कंपनी बंद पडली होती. बिबवेवाडीच्या या दोन खोल्यांत आपण आधी साधे डबे करून पाहिले. पुण्यात साधे डबे देणारे गल्लोगल्ली. मग तुम्हीच म्हणालात, "स्वस्तात आपला निभाव नाही लागणार. आपण प्रीमियम द्यायचं. थोडे लोक, चांगला भाव, आणि रोज तीच चव." काचेचे डबे आणलेत. कापडी पिशव्या शिवून घेतल्यात. मी वाचनालयातून पाककृतींची पुस्तकं आणून गोडा मसाला भाजायला शिकले, कारण पेठेत तोच लागतो असं तुमचं म्हणणं. दहावीनंतर शाळा सुटलेली मी, पण पुस्तक धरून बसले की तुम्ही मला उठवत नव्हतात. कुकर तुम्हीच लावायचात. एवढा चांगला माणूस, असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही म्हणते. तिथेच तर सगळा त्रास आहे.

डब्यावर नाव टाकू या, असं मी कितीदा म्हटलं? तुम्ही म्हणायचात, भारी वस्तूवर नाव लागत नाही. डबे पोचवायला मी येते म्हटलं, की तुम्ही म्हणायचात, तू दमतेस. आईची झणझणीत येसर आमटी एखाद्या दिवशी देऊन बघू म्हटलं, तर म्हणालात, "नको, ती कळणार नाही त्यांना." मी त्या सगळ्याला तुमची काळजी समजत होते. एकेक आठवतं आणि एकेकाचा अर्थ बदलतो. हे असं करून गेलात तुम्ही! माणूस मेल्यावर निदान आठवणी तरी होत्या तशा राहतात, असं मला वाटत होतं.

एक दिवस मात्र मला वेगळा आठवतो. अगदी सुरुवातीचा. पेठेतल्या कुठल्याशा घरी तुम्ही पहिला डबा घेऊन गेलात आणि भरलेला डबा तसाच परत आणलात. म्हणालात, "ते लोक अचानक गावाला गेले." मग आपण दोघांनी तो डबा खाल्ला. तुम्ही फार हळूहळू जेवत होतात. त्या घरात काय झालं, अहो? आडनाव विचारलं का? दारातूनच परत पाठवलं का? मला आता जवळजवळ खात्री आहे, पण विचारायला तुम्ही नाही. त्याच महिन्यात लेलेकाकू जन्माला आल्या असणार.

तेव्हाच सांगितलं असतंत तर? मी रडले असते, चिडले असते, दोन दिवस चूल पेटवली नसती. पण आपण दोघं एका बाजूला असतो. तुम्ही मला तो अपमान कळू दिला नाहीत, आणि त्याच्या बदल्यात दुसरा केलात. पहिला परक्यांनी केला होता. हा तुम्ही केलात.

आणि सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? संध्याकाळी रिकामे डबे घेऊन आलात की तुम्ही चपला काढता काढता सांगायचात, "बाई म्हणाल्या, आज वडे फार छान झाले होते." मी लाजून वळायचे. ती शाबासकी बाईंनी लेलेकाकूंना दिलेली असायची. तुम्ही ती वाटेत उचलून मला आणून द्यायचात. नेसून झालेली साडी द्यावी तशी.

स्नेहलला सांगितलं. तुमचीच मुलगी ती. म्हणाली, "आई, हे ब्रँडिंग आहे गं. बाबांनी सर्व्हाइव्ह करायला केलं. आता सिम्पल आहे, काकूंना रिटायर कर. गावाला गेल्या म्हण."

"आणि श्राद्धाचं पान?"

"या वर्षी करत नाही म्हण. रीझन द्यायची काय गरज?"

"आणि मी कोण म्हणून सांगू?"

ती म्हणाली, "सगळे डबे बंद झाले तर?" तिचं चुकीचं नव्हतं. हे घर त्या डब्यांवरच चालतं. मी पोळ्या लाटत विचार केला. काकूंना गावाला पाठवणं सोपं होतं. पण मग काकू खऱ्याच होऊन जातील. कायमच्या. आणि मी कायमची त्यांच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी देशपांडेबाईंचा डबा घेऊन मी स्वतः गेले. त्यांनी दार उघडलं, पिशवी ओळखली.

"ठेवा तिथे. काकूंचा काही निरोप?"

"काकू नाहीत."

"अगं बाई! कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत. नव्हत्याच कधी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, "अविनाशरावांची मी बायको. रत्नमाला साळवे. पहिल्या दिवसापासून स्वयंपाक मीच करते. आम्ही बौद्ध आहोत."

"श्राद्धाचंही?"

"श्राद्धाचंही. ते श्राद्धाचं आहे हे मला कळलं असतं तर केलं नसतं. आमच्यात श्राद्ध करत नाहीत."

"म्हणजे तुमचा धर्म बुडाला म्हणायचं."

"तुमचाही बुडाला असेल. एकाच माणसाने दोघींचा बुडवला."

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, मला जातीपातीचं काही नाही. पण मला फसवलं गेलं. मी अविनाशरावांना जात विचारली नव्हती. करणाऱ्या कोण, एवढंच विचारलं होतं."

"तेच," मी म्हटलं.

त्यांच्या ह्यांचा फोटो समोरच होता, हार घातलेला. त्या माणसाच्या नावाने मी इतकी पानं रांधली आणि तोंड आज पाहत होते. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आजचा डबा ठेवून जा. उद्यापासून नको." आणि मी जिन्यात पोचले तेव्हा मागून, "मीठ खरंच बरोबर असायचं हो." दार लावून घेतलं.

त्यानंतर पेठेतले डबे एकेक करून थांबले. कुणी भांडलं नाही. फार सभ्य माणसं. कुणाकडे सून घरी राहायला लागली, कुणाला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मी बाकीच्यांनाही एकेकाला फोन करून माझं नाव सांगितलं. वारज्याकडचे बहुतेक चालू आहेत. तिथले एक आजोबा म्हणाले, "बरं, मग पोळ्या जरा मऊ करा." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रडूच आलं.

तेव्हा तुम्हाला जी भीती होती, ती खरी होती. हे मी मान्य करते. पेठ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळली होती. पण मी तुम्हाला कळले नाही. आपण थोडे डबे केले असते, कमी भागवलं असतं. मला काय दिल्याने बरं वाटेल हे तुम्ही एकट्याने ठरवलंत आणि मला न विचारता पुरवत राहिलात. इतकी वर्षं एका ओट्याशी उभं राहून तुम्हाला माझी एवढीच ओळख झाली?

रागावले आहे मी. पण तुमचा शर्ट अजून दाराच्या मागे आहे, तो काढवत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसाला सांगावं लागतं आहे.

आता माझं वचन ऐका. होळीनंतर तुमचं वर्ष भरेल. विहारात तुमच्या आठवणीसाठी पुण्यानुमोदन ठेवणार आहे. भन्ते येतील, तुमचे कंपनीतले मित्र येतील, तुमची बहीण येईल. मला दोन शब्द बोलायला सांगतील. मी तेव्हा सांगेन, हा माणूस भला होता, कष्टाळू होता, बायको वाचत बसली की स्वतः कुकर लावणारा होता. आणि मग लेलेकाकूंचंही सांगेन. स्नेहल हात ओढेल, तुमची बहीण खाली बघेल, तरी सांगेन. त्या घरातून भरलेला डबा परत आणून तुम्ही तो माझ्यासोबत कसा हळूहळू जेवलात, तेही सांगेन.

तुम्ही मला लपवलंत. मी तुम्हाला लपवणार नाही.

तुमची,
रत्नमाला अविनाश साळवे