जोर कुठं गेला

११ जानेवारी १९९४, मंगळवार

सपशेल आपटले! ‘ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, तिचं फक्त रूप बदलतं’ — अख्ख्या सातवीने एका सुरात म्हटलं. मी खूश. तेवढ्यात मिठागरावरची अनिता उभी राहिली.

“बाई, माजा बापूस दिसभर मीठ ओढतो. सांजला त्याच्या अंगात कायच नाय उरत. मंग त्याचा जोर जातो कुठं?”

“सांगते, या आठवड्यात सांगते.” नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पोरांना टोलवलं!

घरी मायकलदादाचं पत्र, इस्राएलहून. तेच पालुपद — बाबांना घेऊन ये, कागदपत्रं मी करतो, कासू गावात आता आपलं कोण उरलंय? माझी शाळा उरलीय ना!

१२ जानेवारी

सापडलं! परसातला घाणा! बाबांनी बैल विकल्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून नुसता उभा. पोरंच बैल होतील. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांना घरी बोलावलंय.

दादाला उत्तर टाकलं. ‘बाबा हा उंबरा सोडणार नाहीत, आणि मी बाबांना सोडणार नाही. विषय संपला.’ पत्र लिहावं तर असं!

१३ जानेवारी

चहा पिताना बाबा म्हणाले, “शनवारी?” एवढंच. कपबशी हातातच राहिली माझ्या. शनिवार आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून अख्खा तालुका आम्हाला शनवार तेली म्हणतो — आणि त्याच घरची हन्ना शनिवारी घाणा फिरवायला निघाली! वर्गात कान पकडले. आता रविवारी.

१६ जानेवारी, रविवार

तेवीस पोरं! प्रत्येकाच्या मुठीत संक्रांतीचे उरलेले तीळ. मूठमूठ जमवूनही पुरेनात, मग घरचा डबा रिकामा केला. बाबा सकाळपासून घाण्याची लाट, तीळ चिरडणारं ते जाड लाकूड, पुसत होते. “हातानं नाय रं, खांद्यानं लोट!” बारा वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. घाणा असा करकरला की शेजारच्या चंद्रावतीकाकू कुंपणावरून ओरडल्या, “एलियासभाऊ, बैल लय बडबडे हाईत!”

दीड तासाने धार लागली. करंगळीएवढी, पण धार!

मग सगळ्यांना पेंडीला हात लावायला लावला. गरम! लाटही गरम. “हा तुमचाच जोर. थोडा त्या करकर आवाजात गेला, थोडा तीळ चिरडण्यात, बराचसा या उष्णतेत.” अनिताने पेंड मुठीत धरली. “म्हंजे बापसाचा जोर मिठाच्या ढिगात?”

“थोडा. मीठ खालून वर चढलं ना! बाकीचा अंगाच्या उष्णतेत.”

“म्हंजे हरवला नाय.” मूठ सोडायला तयार नव्हती ती.

मीही मग रंगात आले. म्हटलं, “मनाने ठरवायचं नाही. हात लावून बघायचं, विचारायचं!” फार छान शिकवलं मी आज. लिहून ठेवते.

२१ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी बाबांनी शब्बाथच्या दिव्यात पोरांचं तेल घातलं. आई गेल्यापासून दिवा तेच लावतात. वात शांत जळत होती. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, दादाला ‘येत नाही’ असं कळवलं म्हणून.

 बाबा म्हणाले, “मला इचारलं नाय तू. नातवंडं बघायची व्हती गो. तू हितं रमलीस, म्हणून गप ऱ्हायलो.”

मी त्यांच्यासाठी थांबले होते, ते माझ्यासाठी. विचारलं कोणीच नाही. रडले मी, खूप.

२४ जानेवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून पेणला गेले. दादाला तार केली — ‘बाबा येतात. तिकीट एकच.’