एक वाटी, एक चमचा, साभार परत

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही. विशेष मात्र बरंच आहे, म्हणून हे पत्र सवडीने, चष्मा पुसून आणि शक्यतो जेवण झाल्यावर वाचावं. तुमचा खोकला आता कसा आहे? विहीणबाईंच्या गुडघ्याने जिने चढायला परवानगी दिली की अजून रुसवा चालूच आहे? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते, पण ज्याने सारी हयात मोटार शिकणाऱ्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून काढली त्याची पाठ कुरकुरणारच. तुमचं बरं होतं. तुम्ही बसचे कंडक्टर, गाडी ठोकली तर ड्रायव्हर आणि नाही ठोकली तर देव. तुम्ही आपले तिकिटं फाडायला मोकळे. (हे चेष्टेत लिहिलंय. राग मानू नये.)

पत्रास कारण म्हणजे तुम्ही मागच्या खेपेस आमच्या नातीसाठी (आपल्या नातीसाठी, सवयीने ‘आमच्या’ लिहिलं गेलं) आणलेली स्टीलची वाटी आणि चमचा. या दोन्ही वस्तू स्वच्छ धुऊन, कागदात गुंडाळून, कालच पार्सलने तुमच्याकडे रवाना केल्या आहेत. गैरसमज नसावा. वाटी चांगली आहे, चमचाही चमचाच आहे. पण काळ बदलला, साधनं बदलली, आणि मुख्य म्हणजे ती वाटी फार वाजते. तुम्ही इथे होतात तेव्हा प्रत्येक घासाला वाटीच्या काठावर टिंग टिंग करत होतात. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल, हे तुमच्या हाडीमाशी खिळलेलं आहे हे मी समजू शकतो, पण निवृत्त झाल्यावर माणसाने घंटीही डेपोत जमा करावी. माझं डोकं त्या दोन दिवसांत असं दुखलं की काही विचारू नका. तेव्हा बोललो नाही, कारण तुम्ही मुलाकडचे.

आता साधनांचा एवढा खल कशासाठी, तर परिस्थिती नाजूक आहे. तुम्हाला माहीतच आहे की आमची लेक आणि तुमचे चिरंजीव कामावर गेले की आपली पिपाणी दिवसभर आमच्याकडे असते. (हे नाव तुमच्या चिरंजीवांनी ठेवलं, आवाजावरून. माणूस अबोल आहे पण नाव अचूक ठेवलं.) मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं आणि काटा आधीच्या जागेवरून हलायलाच तयार नाही. तुम्ही होतात तेव्हा ती बरी जेवली हे मान्य, पण पाहुण्यांसमोर मुलं शहाण्यासारखी वागतातच. तुमची पाठ वळली आणि तिने तोंड मिटलं. लेकीने मला शांतपणे सांगितलं की पुढच्या तपासणीला वजन वाढलं नाही तर पिपाणी तिच्या ऑफिसच्या खालच्या पाळणाघरात जाईल. “बाबा, तिथे शिकलेल्या बायका आहेत,” म्हणाली. शिकलेल्या! इथे शिकवणारा माणूस बसलाय त्याचं काय? अहो, रिव्हर्स घेताना डोळे मिटणाऱ्या एका दंतवैद्याला मी लायसन मिळवून दिलं आहे. एका पोरीला तोंड उघडायला शिकवणं मला जड आहे काय? मी लेकीला सांगितलं, तू निर्धास्त ऑफिसला जा. मग दार लावून विचाराला बसलो.

माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आधी गाडी तपासावी, मग चालकाला बोल लावावा. म्हणून पहिल्यांदा बाबागाडी. (तुम्ही म्हणाल, जेवणाचा आणि बाबागाडीचा संबंध काय? फिरून आलं की भूक लागते, हा संबंध.) दुकानातली मुलगी मला रंग दाखवायला लागली. मी म्हटलं, रंग ठेव बाजूला, वळायला जागा किती लागते ते सांग. तिला कोणी हे विचारलंच नव्हतं. मी एकेक गाडी घेऊन दुकानात चकरा मारल्या, उतारावर ब्रेक लावून पाहिले, आणि दुधाच्या बाटल्यांच्या दोन मांडण्यांमध्ये एका झटक्यात मागे घेऊन गाडी लावून दाखवली, तेव्हा दोन गरोदर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी तेवढ्यात म्हणाली, काका, बाळाला बसवून बघा ना. बाळ घरी होतं. गाडी पसंत करायला जाताना कोणी प्रवासी बरोबर नेतं का? शेवटी मोठ्या चाकांची, दणकट सांगाड्याची अशी घेतली की खड्ड्यातून गेली तरी आतल्याची झोप मोडू नये. गाडी अव्वल आहे, त्यात वाद नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट तेवढी अरुंद निघाली. त्यामुळे सध्या गाडी तळमजल्यावर असते, पिपाणी माझ्या खांद्यावर असते, आणि बाजारातून येताना गाडीत बटाटे असतात. बटाटे गाढ झोपतात. तुमच्या ओळखीत कोणी बाबागाडी घेणार असेल तर माझ्या नावाने सांगा: आधी दाराची रुंदी मोजा, मग दुकानाची पायरी चढा.

त्यानंतर जेवायची उंच खुर्ची. इथे मी अनुभवाने दोन गोष्टी सांगतो, त्या तुम्हाला कुठलाही दुकानदार सांगणार नाही. पहिली, पट्टा एका हाताने सुटणारा हवा, कारण दुसऱ्या हातात कायम काहीतरी सांडत असतं. दुसरी, खुर्चीला चाकं नकोत. आमच्या खुर्चीला आहेत. चाकांना खिट्ट्या आहेत, पण त्या लावायला पोरीला सोडून वाकावं लागतं, आणि वाकलो की पाठ. बरं, एवढ्याने भागलं असतं. पण माझ्या उजव्या पायाची सवय तुम्हाला सांगायला हवी. शिकाऊ माणूस समोरच्या वस्तूच्या जवळ गेला की माझा पाय आपोआप खाली दाबला जातो. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असायचा ना, त्याची ही कमाई. आता होतं असं की चमचा तोंडाजवळ जातो, पाय दाबला जातो, तो खुर्चीच्या पायावर बसतो, खुर्ची वीतभर मागे सरकते आणि लाल भोपळा कानात. आमची ही म्हणाली की तुम्ही लांब बसा आणि मला भरवू द्या. मी लांब बसलो. तिने भरवलं. पिपाणीने तिच्यासमोरही तोंड उघडलं नाही, तेव्हा दोष पायाचा नव्हता हे सिद्ध झालं.

मग मी भांड्यांकडे वळलो आणि इथे खरी क्रांती झाली. हल्ली सिलिकॉन नावाचा पदार्थ आला आहे. मऊ, धुवायला सोपा, आपटला तरी फुटत नाही, हिरड्यांना टोचत नाही. वाटी सिलिकॉनची, चमचा सिलिकॉनचा, गळ्यातलं लाळेरंही सिलिकॉनचं, त्याला खाली पन्हळ, म्हणजे सांडलेलं सगळं तिथे जमा होतं. (आमच्याकडे सगळं जेवण तिथेच जमा होतं.) वाटीच्या बुडाला हवा ओढून चिकटणारी अशी चकती आहे की ती टेबलाला घट्ट धरून बसते. मी ती काढायला गेलो तर टेबलच उचललं गेलं. पिपाणीने मात्र वाटीच्या काठाखाली बोट घातलं आणि पापड उचलावा तशी उचलली. एक चमचा तर अन्न गरम असलं की रंग बदलतो. तो आमच्याकडे आल्यापासून लालच आहे, बहुधा रागाने. पाण्याच्या पेल्यांबद्दल एवढंच सांगतो की ज्याचे भाग सुटे करून धुतल्यावर परत जोडता येत नाहीत तो पेला नव्हे, कोडं आहे. कमी जोड, कमी खाचा, हे सूत्र धरा. पण या सगळ्यात मला काय आवडलं असेल तर शांतता. वाटीवर चमचा हाणा, टेबलावर आपटा, जमिनीवर फेका, कणभर आवाज नाही. आमचं स्वयंपाकघर आता वाचनालयासारखं झालं आहे. अशा वातावरणात मूल जेवणार नाही तर काय करणार?

ती अजून जेवत नाही, ही गोष्ट वेगळी. पण साधनं योग्य आहेत, पद्धत योग्य आहे, माणूस अनुभवी आहे. यश हे आता फक्त वेळेवर अवलंबून आहे. तुम्ही काळजी करू नये. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
मुलीकडचा आजोबा

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी पिपाणी खुर्चीत तोंड मिटून बसली होती, मी गाजर घेऊन समोर, पाय दोरीने टेबलाला बांधलेला. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून गेला आणि त्याने घंटी वाजवली. टिंग टिंग. पोरीने गॅरेजचं शटर वर जावं तसं तोंड उघडलं! मी इतका दचकलो की गाजर घालायचंच विसरलो. मग आमच्या हिने स्टीलचा पेला आणि घरातला साधा चमचा माझ्यापुढे ठेवला. वाजवलं दोनदा. उघडलं. वाजवलं एकदा. मिटलं. व्याहीबुवा, मी जन्मभर लोकांना सिग्नल शिकवले, आणि माझ्या घरात सिग्नल चालू होता तो मी धुऊन, कागदात गुंडाळून तुम्हाला पाठवून दिला.

आणखी ता. क. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, आणि इथे तर भांडंच हवं आहे. पार्सल आलं की उघडू नका, तसंच घेऊन स्वतः या. तुम्हीच का, तर घास तोंडात जातो पण पुढे जात नाही. गालात उभा राहतो, स्टॉपवर बस उभी राहावी तसा. आमची ही म्हणते की घंटीनंतर तुम्ही दर वेळी तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होतात आणि मग ती गिळत होती. काय बोलत होतात? मी ‘चला’ म्हणून पाहिलं, ‘पुढे सरका’ म्हणून पाहिलं, ‘जागा आहे, जागा आहे’ म्हणूनही पाहिलं. काही उपयोग नाही. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही, कारण मी बोलत होतो. तपासणी पुढच्याच आठवड्यात आहे. खरं सांगतो, ती दुपारची इथे नसली तर या घरात मी काय करायचं ते मला कळत नाही. तुमच्या मांडीवर बसून जेवली तरी चालेल. जेवू दे. पत्राच्या सुरुवातीला ‘विनंती काही नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडून वाचावं.

अगदी शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो. पिपाणी मांडीवर होती, तिच्या मुठीत तो साधा चमचा, त्याला सकाळचं गाजर लागलेलं. तिने माझ्या चष्म्याच्या काचेवर तो दोनदा वाजवला आणि वाट पाहत बसली. मी तोंड उघडलं. तिने चमचा आत घातला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी तुमच्यासारखं हळू आवाजात काहीतरी पुटपुटली. काय म्हणाली ते या वेळीही कळलं नाही, आणि या वेळी तर मी बोलतही नव्हतो. पण गिळलं हो मी, मुकाट्याने.