प्रज्ञाची दुरडी

१२ नोव्हेंबर, बुधवार
आधी आली शेजारची मंदा. "काकी, तुमचं घर इचारत दोघं फाट्यावर हुबी हायेत. बँकवाली दिसत्यात." बँकवाली कसली, प्रज्ञाच्या कामातली निघाली. मोहसीन मूळचा दौंडचा, आता पुण्यात. दुसरी अनु, लांब केरळची, हिंदी बोलती. दादी म्हणली. म्हणलं आजी म्हण. तर म्हणती, "प्रज्ञा भी आजी ही बोलती थी."
दीड वरीस कॉम्प्युटरवरनं रोज संगं काम, पर दोघांनीबी प्रज्ञाला समोर बघितलंच न्हवतं. अनु फोटोपुढं हुबी राहिली ती हलंना. चहा निवला, परत तापवला.
माझी नात प्रज्ञा जाऊन आज बेचाळीस दिवस. पुण्यात ताप आला, पाच दिवसांत संपलं.
भाकरी अन् कांद्याच्या पातीची भाजी केली. अनु तीन भाकरी जेवली. लई दिवसांनी कुणीतरी ह्या घरात पोटभर जेवलं.

१३ नोव्हेंबर
कालचं खरं लिहायचंच राहिलं.
प्र.नं मला सांगितल्यालं. कॉम्प्युटरला लिहून द्यायचे काही हुकूम हायेत, माझ्या लग्नाच्या येळचे. आता नवी पोरं तेच हुकूम नव्यानं करत्यात. कुणी शोधायचा केला, झटक्यात शोधतो. कुणी यादी रंगीत दाखवायचा. खुरपं तेच, मूठ नवी. आन् फुकट, आतलं सगळं उघडं, कुणीबी सुधारावं. म्हणलं, बाई, मग पोट कशावर? "आजी, पोटाला नोकरी हाय की."
जुना पुसायचा हुकूम लई वाईट. इचारत न्हाई, टाकलं की गेलं. प्र.नं तो नवा केला. पुसलेलं आठ दिवस ठिवायचं, मग घालवायचं. नाव दुरडी. माझ्या दारामागच्या दुरडीवरून. एकदा माझी नाकातली मुरणी केरासंगं उकिरड्यात गेली, तवापासनं घरातलं काय बी टाकायचं ते आधी दुरडीत. आठ दिवसांनी रविवारी ओतायचं. प्र.चा कंपास दोनदा त्यातनंच निघाला होता.
मोहसीन म्हणला, "आजी, कुठल्या कुठल्या देशात तुमची दुरडी वापरत्यात."
मी हसले. मोठ्यांदा हसले. आत सून कविता पडून होती, लेकीच्या दुःखात, तिनं ऐकलं आसंल.
मग त्यानं हळूच इचारलं, प्रज्ञाचा लॅपटॉप कुठं हाय? दुरडीतलं परत बाहेर काढायचा हुकूम तिनं नवा लिहिला होता, पाठवायचा राहिला. तिचा शेवटचा निरोप त्यानं मोबाईलात दाखवला. ताप उतरला की पाठवते.
म्हणलं, दौंडला हाय, माझ्या लेकीकडं.

१४ नोव्हेंबर
लताला फोन केला. ती म्हणली, "आई, त्यात आता काय न्हाई. सोनलनं दुकानात नेऊन सगळं पुसून नवा करून आणला. चालू केला की प्रज्ञाचा फोटो यायचा, बघवंना."
सोनल तिची लेक, कॉलेजात हाय. लॅपटॉप मीच दिला तिला. पाचव्या दिवशी जलदानविधी झाला. सहाव्या दिवशी कपडे वाटले, तवा. इद्येची वस्तू पडून राहू न्हाई, शिकणाऱ्या हातात जावी, आसं आमच्यात म्हणत्यात. मीबी म्हणले. माणसं म्हणली, आजीचं मन मोठं.
फुटकी कपबशी आठ दिवस राखणारी मी. नातीची वस्तू सहाव्या दिवशी...
कविता काय बोलली न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं.

१५ नोव्हेंबर
आमच्या न्हावऱ्यातनं एसटीनं दौंडला गेले. मोहसीन अन् अनु पुण्याहून रेल्वेनं आली.
सोनल रडायला लागली. "आजी, मी पुसलं." म्हणलं, दिला कुणी? मी दिला. गप.
मोहसीननं लॅपटॉप खोलून आतली, लिहिलेलं साठवायची चकती काढली, पुडीत गुंडाळली. म्हणला, "पुसलं म्हंजी आधी यादीतलं नाव जातं. माल कवा कवा तिथंच आसतो, वरनं दुसरं लिहिलं जाईस्तोवर. पर सोनलनं महिनाभर वापरलाय. खोटी आशा देत न्हाई आजी."
म्हणलं, देऊ नको.
अनुनं माझा हात धरला तो स्टँडपत्तुर सोडला न्हाई. न्हाई सापडलं तर आम्ही नव्यानं लिहू, म्हणली. लिहा की. पर त्यो प्र.च्या हातचा नसंल.

१६ नोव्हेंबर, रविवार
दुरडी ओतायचा वार. ओतली न्हाई. वर तिखटाची रिकामी पिशवी, खाली अनुचं बुधवारचं एसटीचं तिकीट. कविता दारात येऊन बघत होती. म्हणली, "ऱ्हाऊ द्या आत्या." चार दिवसांनी बोलली.
मोहसीनचा सकाळी फोन होता. चकती मशीनला लावलीय, येळ लागंल. सापडलं तरी येतो, न्हाई सापडलं तरी येतो, म्हणला. अनुबी येणार, तिला पातीची भाजी शिकायचीय.
दुरडीचं पुढच्या रविवारी बघू, २३ तारखेला.