खोकला गेला, जुलाब लागले

मंगळवार, संध्याकाळ

लिहायला उशीर झाला. नात परी खोकल्यासाठी शहरातल्या दवाखान्यात होती. खोकला गेला, घरी न्यायची वेळ आली, आणि आज उलट्या-जुलाब सुरू झाले. शेजारच्या खाटेवरच्या लेकरालाही तेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हे वॉर्डातूनच लागलंय. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबणानं हात धुवा."

"बाई, नळाला पाणी कुठंय? टँकर आला तर पाणी."

त्या पुढच्या खाटेकडं वळल्या.

वॉर्डातल्या बाया एकमेकींची लेकरं सांभाळायच्या. आज शेजारच्या खाटेवरच्या लेकराच्या आईनं परीला घ्यायला हात पुढं केला, तर सून ओरडली, "नका शिवू तिला!" ती बाई तोंड फिरवून रडली. तिचा काय दोष? पण सुनेचा तरी काय?

सकाळपासून परीला लघवी नाही. हेच डोक्यात घोळतंय. लघवी नाही म्हणजे अंगात पाणीच उरलं नाही ना?

सून म्हणाली, "मामंजी, हात धुवायला गावाकडून पाणी आणा." म्हणून पोराला परीजवळ बसवून मी गावी, फुलंब्रीला आलो. इथंही टँकरच. रांजण खरवडून कॅन भरला. सकाळच्या पहिल्या एसटीनं नेतो.

पोरा, तू तिथं बसलायस. तिला लघवी झाली की लगेच फोन कर. नाय झाली, तरी कर.