नदीचा वास

अल-खोबर, गुरुवार, १८ ऑक्टोबर २००७

दमलेय. याला सुट्टी म्हणायची? ईदच्या रजेत व्हिएतनामला, होई आनला गेलो आणि पाऊस एक दिवसही थांबला नाही. नदी गल्लीत शिरली. सौदीत, दम्मामला उतरताना लागेल म्हणून पर्समध्ये ठेवलेला माझा पायघोळ अबाया डोक्यावर धरून मी आणि ईशा, मायलेकी हिंडलो. परतताना तोच दमट अबाया अंगावर चढवला. "नदीचा वास मारतोय," संजय विमानभर कुरकुरत होता. मलाही नको झालं होतं.

घरी येऊन गॅलरीत टाकला, तर तासाभरात कडकडीत वाळला. इथे काय, सगळंच वाळतं.

आत्ता ईशाने त्यात तोंड खुपसलं. "मम्मा, स्मेल गेला!" म्हणाली आणि रडायलाच लागली.

संजयने अबाया घेतला, हुंगून पाहिला. मग माझ्याकडे दिला.