लंगोटासकट वजन

दि. ९ ऑगस्ट, दुपार

चि. बाळ्या,

आशीर्वाद. आधी ख्यालीखुशाली. गुडघा बरा आहे. ग्रंथालयाचा पंखा अजून तसाच कुरकुरतोय. तुझी बायको परवा जिन्यात भेटली, तू हल्ली आरशासमोर भाषणाचा सराव करतोस म्हणाली. चांगलं आहे. तू दोनच मजले वर बसतोस, तरी पत्र लिहितेय, कारण समोरासमोर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि फोनवर तुला कायम कुठलीतरी मीटिंग असते.

तुझ्या अर्जाची फाइल मंगळवारी माझ्या टेबलावर आली. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संचालकपदाला किमान पाचशे सायटेशन हवीत, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत तुझ्या लेखांचा पाचशे वेळा दाखला दिलेला हवा. तो आकडा ग्रंथपालाने तपासून सही करायची. वर तुझी चिठ्ठी: "ताई, नेहमीसारखंच. फक्त सही." ते 'नेहमीसारखंच' मला फार लागलं.

संगणकावर तुझं नाव टाकलं. तेवीस लेख, सहाशे अकरा सायटेशन. बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मग एकेक उघडून पाहिलं. एकशे एकेचाळीस वेळा तूच तुझा दाखला दिला आहेस. स्वतःची पाठ थोपटायला तुझा हात इतका मागे पोचतो कसा, याचं मला कौतुक वाटतं. एके ठिकाणी तर स्वतःच्याच जुन्या लेखाला "या क्षेत्रातलं मोलाचं काम" म्हणालायस. नऊ लेख तुझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेत, आणि तू ते वाचलेही नसावेस, कारण एकात तुझ्याच विभागाचं नाव चुकलंय.

हेही मी पोटात घातलं असतं. असे विद्वान या इमारतीत पायलीचे पन्नास आहेत.

राहता राहिला यादीतला सर्वांत जुना लेख. त्या एकट्याची सायटेशन तीनशे अठ्ठ्याऐंशी. बालरुग्ण विभागात तान्ह्या मुलांचं वजन ओल्या लंगोटासकट करायचे, त्या फुगलेल्या वजनावर औषध ठरायचं, आणि अगदी लहानग्यांना ते जास्त जायचं. एवढंच त्यात आहे. दोनशे बारा मुलं, प्रत्येकाचं वजन दोनदा, एकदा लंगोटासकट आणि एकदा लंगोट सोडून. त्यानंतर कुठकुठल्या वॉर्डांत आधी लंगोट सोडायला लागले.

तो लेख छापला तेव्हा तू शरीररचनेत दुसऱ्यांदा गटांगळी खाऊन घरी तोंड लपवून बसला होतास. आपल्या दोघांचं आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक, आणि तेव्हा लेखावर एवढंच छापायचे. यंत्राला बहीणभाऊ एकच माणूस वाटले. यंत्राची चूक मी समजू शकते. तुला मात्र बहीण आहे हे माहीत होतं.

आता माझी लबाडी. तू सहयोगी प्राध्यापक झालास तेव्हा, आणि प्राध्यापक झालास तेव्हाही, असल्याच प्रमाणपत्रावर मीच सही केली. पहिल्यांदा तू निदान गयावया तरी केलीस. दुसऱ्यांदा नुसतं पेन पुढे केलंस. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी डॉक्टरकीनंतरचं बालरोगाचं शिक्षण अर्धवट सोडलं, कारण तुझी परीक्षा होती आणि घरी थांबायचं कोणी, हे आपल्याकडे विचारावंही लागलं नाही. पुढे लेख पडून राहण्यापेक्षा तुझ्या कामी येतोय, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं. डॉक्टर होऊन मी पुस्तकांवर शिक्के मारते, याची मला लाज वाटायची. लेख माझा म्हटलं की तेही सांगावं लागलं असतं.

याही वेळी कदाचित सही केली असती. पण अर्जात एक रकाना आहे, 'आपलं सर्वांत महत्त्वाचं संशोधन, आपल्या शब्दांत'. तिथे तू लिहिलंस, "मी स्वतः दोनशे बारा मुलांचं लंगोटासकट अचूक वजन केलं. तीच पद्धत आज सर्वत्र रूढ आहे." अरे, ढापलास तो ढापलास, निदान वाचायचास तरी. पाच पानांचा आहे. अख्ख्या लेखाच्या बरोब्बर उलटं दोन ओळींत लिहून मोकळा झालास, आणि उद्या संचालक म्हणून त्याच वॉर्डाला नियम घालून देणार. मला तुझी किळस आली. सख्ख्या भावाबद्दल हे लिहिताना हात अडखळायला हवा होता, नाही अडखळला.

म्हणून कळवते. प्रमाणपत्र आज सकाळी निवड समितीकडे गेलं. लेख बावीस, सायटेशन दोनशे तेवीस, त्यांतली तुझी स्वतःची वगळली तर ब्याऐंशी. सोबत आधीच्या दोन्ही खोट्या सह्यांची कबुली जोडली आहे. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत, ते आता मिळतील न मिळतील. धावत खाली येऊ नकोस, कागद इथे नाही.

सहीच्या वेळी मात्र पंचाईत झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावाआधी 'डॉक्टर' लावलं, पुढे सवयीने एक अक्षर आणि आडनाव लिहिलं, आणि बघते तर ती तुझीच सही. कागद फाडला. नव्या कागदावर माझं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुरं लिहिलं.

तुझ्यापुरती अजून, नाइलाजाने,
ताई